शेतकरी बाजार भरवताय? आधी ‘फरक कोण भरणार’ ते ठरवा

शेतकरी बाजार सुरू करायचा म्हटलं की पहिली बैठक मंडप, फलक आणि उद्घाटनाला कोणाला बोलवायचं यातच संपते. मी बाजारात हिशेबाच्या टेबलावर बसते, त्यामुळे माझं लक्ष भलतीकडेच असतं. अशा बैठकीला कुणी बोलावलंच, तर मी एकच विचारते: फरक कोण भरणार?

कसला फरक? शेतकऱ्याला जो भाव मिळाला तर तो पुढच्या आठवड्यात पुन्हा गाडी भरून येईल, तो एक भाव. हातावर पोट असलेल्या घराला ज्या भावात रोज भाजी घेणं जमेल, तो दुसरा. मधला दलाल काढला की हे दोन्ही भाव आपोआप जुळतील, असं बाजार भरवणाऱ्या बहुतेकांना वाटतं. थोडंफार जुळतातही. पण दलाल गेला म्हणून त्याचं काम जात नाही. माल निवडणं, क्रेट भरणं, गाडीभाडं, दिवसभर उभं राहणं, संध्याकाळी न खपलेल्या मालाचा फटका सोसणं, हे सगळं आता शेतकऱ्याच्या अंगावर येतं. त्याची मजुरी धरली तर दलालाचा वाचलेला नफा बराचसा तिथेच जिरतो. मग संयोजक शेतकऱ्याला म्हणतात, ‘गरिबांसाठी थोडं स्वस्त द्या ना.’ तो भिडेखातर दोन-चार वेळा देतो आणि नंतर यायचा बंद होतो. किंवा भाव चढाच राहतो आणि बाजारात फक्त पिशव्या घेऊन गाडीतून उतरणारी मंडळी दिसतात. दोन्ही बाजारांत भूक होती तिथेच राहते.

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून अमर्त्य सेन यांनी दाखवून दिलं, की धान्य असतानाही माणसं मेली, कारण ते विकत घ्यायची ताकद त्यांच्यापाशी उरली नव्हती. हे एकदा नीट समजलं की बाजाराची आखणी बदलते. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२५ मध्ये दिलेल्या अहवालाप्रमाणे २०२४ साली जगात सुमारे ६७ कोटी ३० लाख लोक उपासमार सोसत होते, आणि सकस आहार परवडत नाही अशांची संख्या २६० कोटींच्या घरात होती. तुमच्या-माझ्या बाजाराचं काम मुख्यतः या दुसऱ्या आकड्यात आहे. पोटाला धान्य कसंबसं मिळतं. पैसे कमी पडले की कात्री लागते ती भाजी, फळं आणि डाळीला.

तेव्हा मंडप ठरवण्याआधी फरक भरण्यासाठी एक वेगळं खातं काढा. त्यात नगरपालिका, एखादा कारखाना, गृहसंस्था, देणगीदार, जो कोणी पैसे घालणार असेल त्याच्याकडून निदान पूर्ण हंगामाची रक्कम आधी घ्या. ‘सुरू करा, मग बघू’ या वाक्यावर बाजार उभा करू नका. रक्कम थोडी असली तरी चालेल, बाजारही तेवढाच छोटा ठेवता येतो.

जागा आणि वेळ

ज्यांच्यासाठी बाजार भरवायचा, ती माणसं आधीच जिथून जातात तिथे तो भरला पाहिजे. सरकारी दवाखान्याचं फाटक, शाळा सुटण्याची जागा, बसथांबा, कारखान्याची पाळी सुटते तो चौक. सुंदर बाग वगैरे फोटोला बरी. वेळही त्यांचीच. सकाळी आठचा बाजार हा सकाळी आठला मोकळ्या असलेल्या माणसांचा बाजार असतो. रोजंदारीवर जाणारी बाई संध्याकाळी परतते, आणि ज्या दिवशी हातात पैसे पडतात त्या दिवशी खरेदी करते. पगाराचा वार कोणता, हे वस्तीत चार घरी विचारलं तरी कळतं.

पण शेतकऱ्याला धंदा तर झाला पाहिजे, आणि चांगला भाव देणारं गिऱ्हाईक गावाच्या दुसऱ्या टोकाला असतं. या पेचावर मला पटलेला तोडगा ब्राझीलमधल्या बेलो ओरिझोंची या शहराचा. १९९३ मध्ये महापौर पात्रूस अनानियास यांच्या काळात तिथल्या नगरपालिकेने अन्न हा नागरिकाचा हक्क मानून त्यासाठी स्वतंत्र विभागच सुरू केला. शहरातल्या भरवस्तीच्या, चालत्या जागा विक्रेत्यांना मिळाल्या, पण अटीवर: ठरलेले काही जिन्नस नगरपालिकेने बांधून दिलेल्या कमी भावात विकायचे, आणि आठवड्याच्या अखेरीस गाडी भरून शहराबाहेरच्या गरीब वस्त्यांत जायचं. आसपासच्या लहान शेतकऱ्यांना थेट विक्रीसाठी वेगळे ठेले दिले. जोडीला स्वस्त जेवणाची सार्वजनिक भोजनालयं, जिथे कोणीही जाऊन जेवू शकतो, उत्पन्नाचा दाखला कोणी मागत नाही. २००९ मध्ये या कामाला ‘फ्यूचर पॉलिसी’ हा चांगल्या धोरणांसाठीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

यातली ‘अट’ उचलण्यासारखी आहे. तुमच्याकडे देण्यासारखं काय आहे ते बघा. चांगली जागा, फुकट पाणी, वीज, गाडी लावायची सोय. ते फुकटात वाटून टाकू नका. त्याच्या बदल्यात शेतकऱ्याकडून लेखी घ्या, की पहिला थांबा पैसेवाल्या भागात केला तर दुसरा थांबा वस्तीत, त्याच दिवशी, आणि उरलंसुरलं नव्हे तर वेगळा काढून ठेवलेला माल घेऊन. हा वेगळा काढलेला माल मी स्वतः बघते. गाडीच्या आतल्या बाजूला झाकलेले क्रेट असले तर ठीक. वरवर चिवडलेला ढीग असला तर तो दुसरा थांबा नुसता कागदावरचा.

ठेला कोणाला द्यायचा

इथे भांडणं होतात, म्हणून नियम लवकर लिहून काढा. शेतकरी म्हणून आलेला माणूस घाऊक मंडईतून माल उचलून आणतोय, ही तक्रार प्रत्येक शेतकरी बाजारात कधी ना कधी येते. भारतात १९९९ मध्ये आंध्र प्रदेशात रयतु बाजार आणि तामिळनाडूत उळवर संदै हे शेतकरी बाजार सुरू झाले तेव्हा सरकारने शेतकऱ्यांना खात्री करून ओळखपत्रं दिली, वजनकाटे पुरवले. ओळखपत्र देताना शेतावर जाऊन पीक बघा. कोणत्या महिन्यात काय निघेल ते तिथेच लिहून घ्या. मार्चमध्ये जे त्याच्या रानात नव्हतं ते एप्रिलमध्ये त्याच्या ठेल्यावर क्रेटभर दिसलं, तर विचारायला तुमच्याकडे कागद असतो.

मी मात्र या बाबतीत फार कडक नाही. शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचा माल कोणी आपल्या गाडीत घालून आणला, तर आणू द्यावा. पाटीवर ‘हा माल शेजाऱ्याचा’ असं लिहिलं की झालं. लपवाछपवी नको, एवढाच मुद्दा.

एकाच भाजीचे चार ठेले आणि कांदा कुठेच नाही, असा बाजार गिऱ्हाईक एकदाच बघतं. रोज लागणाऱ्या चार-पाच गोष्टी पक्क्या असल्याच पाहिजेत, त्याभोवती बाकी सगळं. भाव शेतकऱ्यांनी मिळून ठरवावा. समोर कालचा घाऊक आणि किरकोळ भाव लिहून ठेवा, म्हणजे दोन टोकं दिसतात आणि त्यांच्या मधला आकडा काढायला वेळ लागत नाही. काट्याची पाटी गिऱ्हाइकाकडे वळलेली हवी. हिशेबाच्या टेबलावर एक प्रमाणित वजन ठेवा आणि कोणालाही, कधीही, कोणत्याही काट्यावर ते ठेवून बघू द्या. त्याचा वापर क्वचितच होतो. ते तिथे आहे हे सगळ्यांना माहीत असणं पुरतं.

आणि वाटे लावायला सांगा. किलोच्या खाली न विकणारा ठेला गरीब गिऱ्हाईक ओलांडून पुढे जातं, कारण त्याच्याकडे आजच्या पुरतेच पैसे असतात. छोटे वाटे, अर्धी जुडी, एका जेवणाला पुरेल एवढी मिश्र भाजी. वस्तीत एका खोलीत सहा जण राहतात, चूल एक, जळण मोजून. तासभर शिजणारी भाजी तिथे खपत नाही. चटकन शिजणारं, कच्चं खाता येणारं, फ्रिजशिवाय दोन दिवस टिकणारं पुढे मांडा.

टोकन

फरक भरायची सगळ्यात सरळ रीत ही. ज्या घराचं उत्पन्न कमी आहे ते टेबलावर पन्नास देतं आणि शंभराची टोकनं घेतं. ठेल्यावर शंभराची भाजी घेतं. शेतकऱ्याला पूर्ण शंभर मिळतात. मधले पन्नास आपल्या खात्यातून जातात. शेतकऱ्याने दया दाखवायची नाही, गिऱ्हाइकाने हात पसरायचे नाहीत, भाव दोघांना एकच. अमेरिकेत डेट्रॉइटमध्ये २००९ साली ‘डबल अप फूड बक्स’ या नावाने हे सुरू झालं: सरकारी अन्नसाहाय्याच्या कार्डावर शेतकरी बाजारात खर्च केला की तेवढ्याच रकमेची जोड फळं-भाज्यांसाठी मिळायची. पुढे ते अनेक राज्यांत गेलं. त्याआधी १९९२ पासून तिथे गरोदर आणि बाळंतीण बायका व लहान मुलांसाठी शेतकरी बाजारातच चालणारी कूपनं आहेतच.

यात पैशाइतकंच महत्त्व आहे कोण बघतंय याला. टोकन घेऊन ठेल्यावर उभी राहिलेली बाई मी पुष्कळदा पाहिली आहे: टोकन मुठीत, मूठ पदराखाली, आणि शेजारचं गिऱ्हाईक जाईपर्यंत ती वांगी उगाच उलटसुलट करत राहते. हे टाळायचा उपाय अगदी सोपा आहे. टोकन सगळ्यांनाच द्या. फोनवरून किंवा कार्डाने पैसे देणाऱ्यांनीही टेबलावर यावं, तेच टोकन घ्यावं आणि तेच ठेल्यावर द्यावं. रंग एक, आकार एक. कोणाच्या टोकनात अर्धे पैसे खात्याचे आहेत ते फक्त टेबलावरच्या वहीला ठाऊक. ठेलेवाल्यांचीही सोय होते, त्यांना सुट्ट्याची आणि मोबाइलच्या रेंजची चिंता उरत नाही.

काही बारीक गोष्टी, ज्यांवरून पुढे डोकेदुखी होते:

टोकन लहान रकमेची ठेवा आणि त्यावर रोख सुटे परत द्यायचे नाहीत असा नियम करा. मोठं टोकन मोडून रोकड काढायचा मोह ठेलेवाल्यालाही होतो आणि गिऱ्हाइकालाही. टोकनावर ओळीने क्रमांक असू द्या, दर वर्षी शिक्का बदला. जुनं टोकन मुदत संपली म्हणून नाकारू नका, बदलून द्या; आजारपणात दोन आठवडे न आलेल्या माणसाच्या खिशातलं टोकन कागद ठरलं तर तो परत येत नाही. एका घराला एका बाजाराला किती जोड मिळेल याची कमाल मर्यादा सुरुवातीलाच पाटीवर लिहा. टोकनावर काय घेता येईल तेही: भाजी, फळं, डाळ, अंडी. तयार मिठाई आणि लोणच्याचे ठेले बाजारात असायला हरकत नाही, तिथे रोख चालते.

पात्र कोण, ही परीक्षा तुम्ही घेऊ नका. सरकारने ज्याला आधीच स्वस्त धान्याचं किंवा तत्सम कार्ड दिलंय तो पात्र. आरोग्यसेविकेने चिठ्ठी दिली तो पात्र. टेबलासमोर उभं करून ‘घरात कमावते किती’ असं विचारायची पाळी आली, की रांगेतले मागचे दोघे निघून जातात.

शेतकऱ्याचे टोकनांचे पैसे त्याच संध्याकाळी, तो गाडीला चावी लावायच्या आत, त्याच्या हातात किंवा खात्यात गेले पाहिजेत. यावर मी तडजोड करत नाही. ‘पुढच्या आठवड्यात देतो’ म्हटलं की तो पुढच्या आठवड्यात टोकन घ्यायला नाखूश असतो, आणि ती नाखुशी तो त्या बाईला तोंडावर दाखवतो. दिवसअखेर वहीत तीन आकडे जुळवा: किती टोकनं दिली, किती परत आली, किती बाहेर आहेत. बाहेर असलेली टोकनं ही तुमची देणी आहेत, तेवढी रक्कम खात्यात हात न लावता ठेवायची.

शेवटचा तास

बाजार उठायच्या आधीच्या तासात भाव उतरतो. कोथिंबिरीची जुडी, मऊ पडायला लागलेले टोमॅटो. याच वेळेची वाट बघणारी काही गिऱ्हाइकं असतात, कडेला उभी. काही संयोजकांना हे खटकतं, ‘भाव पाडू नका’ अशा सूचना ते ध्वनिक्षेपकावरून देतात. कशाला? उतरत्या भावात ज्याला घ्यायचंय त्याला घेऊ द्या. त्यानंतर जे उरेल त्याची व्यवस्था आपली.

उरलेला माल गरजूंना जेवण देणाऱ्या स्वयंपाकघरांपर्यंत पोचवायची कल्पना नवी नाही. १९६७ साली अमेरिकेतल्या फिनिक्समध्ये जॉन व्हॅन हेंगल यांनी टाकून दिलं जाणारं अन्न साठवून गरजूंना देणारी अन्नपेढी सुरू केली, आणि तिथून ही पद्धत जगभर गेली. पण अन्नपेढीच्या गोष्टी सांगणारे एक गोष्ट गाळतात: उरलेला माल फुकट मिळत नसतो. क्रेट शेतकऱ्याचा, तोडणीची मजुरी त्याने दिलेली. दर आठवड्याला त्याच्याकडून दान मागत राहिलं तर फरक पुन्हा त्यानेच भरल्यासारखं होतं. म्हणून खात्यातून एक ठरावीक, कमी का होईना, भाव द्या, निदान तोडणी आणि क्रेट निघेल एवढा. त्याला दान करायचंच असेल तर तो आपणहून करेल, आणि करतातही.

उरलेला माल निवडायला दोन माणसं आणि तीन क्रेट लागतात. पहिल्यात आज रात्रीच शिजवायचं. दुसऱ्यात दोन-तीन दिवस टिकेल ते. तिसऱ्यात गुरांना किंवा खताला. तिसरा क्रेट रिकामा राहिला तर निवडणाऱ्यावर शंका घ्या. गरिबाला चालेल म्हणून सडकं पुढे सरकवायची सवय फार लवकर लागते. माझी कसोटी अशी, की जे मी स्वतःच्या घरी नेणार नाही ते दुसऱ्या क्रेटात जात नाही.

पालेभाजीच्या क्रेटात मधोमध हात घालून बघा. वरून ओली-हिरवी दिसणारी भाजी आतून गरम लागली तर ती ढिगातच तापली आहे, रात्रभरात ती काळी पडणार; ती लगेच मोकळी पसरून, पाणी शिंपडून पहिल्या क्रेटात. वर ओलं गोणपाट टाका, पण दाबून बांधू नका. पिकलेली केळी, आंबे, टोमॅटो पालेभाजीपासून लांब ठेवा. पिकणाऱ्या फळांतून जो वायू निघतो त्याने पाला पिवळा पडतो. टोमॅटो फ्रिजमध्ये कोंबू नका, साधारण दहा अंशांखाली ते बेचव आणि पिठूळ होतात. हिरवे पडलेले बटाटे तिसऱ्या क्रेटात, तेही फक्त खताला, कोणीही काहीही म्हणो.

स्वयंपाकघराशी आधी बोलणं हवं. दुपारी एक फोन करायचा, आज साधारण काय येणार ते सांगायला. एकाच पाल्याचे पाच क्रेट अचानक दारात आले तर तिथल्या स्वयंपाकिणीच्या नाकीनऊ येतात, आणि ती ‘नको’ म्हणू शकत नाही, कारण माल दानाचा. तिला नको म्हणता आलं पाहिजे, म्हणून एक नेहमीचं आणि एक अडीअडचणीचं अशी दोन ठिकाणं पक्की करा. त्यांची गाडी बाजार उठण्याआधी अर्धा तास येऊन उभी हवी. अंधारात क्रेट फुटपाथवर ठेवून कोणी येईल अशी वाट बघणं म्हणजे निम्मा माल वाया.

शिजवलेल्या अन्नाच्या वाटेला सुरुवातीला जाऊच नका. जागतिक आरोग्य संघटनेचा नियम आहे की शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त खोलीच्या तापमानात ठेवू नये, थंड ठेवायचं तर पाच अंशांखाली आणि गरम ठेवायचं तर साठच्या वर. हे सांभाळायला वेगळी गाडी आणि वेगळी माणसं लागतात. कच्च्या भाजीला एवढी उस्तवार नाही. कायदाही बघून घ्या. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने सद्भावनेने अन्नदान करणाऱ्याला संरक्षण आहे, फ्रान्सने २०१६ मध्ये मोठ्या दुकानांना न विकलेलं खाण्याजोगं अन्न नष्ट करायला बंदी घातली, भारतात अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे उरलेल्या अन्नाविषयीचे नियम २०१९ चे आहेत. तुमच्या देशात काय लागू आहे ते वाचून, देणाऱ्या-घेणाऱ्याच्या सह्यांचा एक पानी कागद करून ठेवा.

मोठी स्वयंपाकघरं

शेवटच्या तासातल्या क्रेटांना फार डोक्यावर घेऊ नका. तो माल अनिश्चित असतो, आणि भूक मात्र रोजची. टिकाऊ काम होतं ते शाळा, वसतिगृहं, दवाखाने, अंगणवाड्या अशा ठिकाणांच्या कायमच्या मागणीने. ब्राझीलने २००९ मध्ये कायदाच केला, की शाळेच्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशांतले निदान ३० टक्के लहान शेतकरी कुटुंबांकडून खरेदीवर खर्च झाले पाहिजेत. मुलांच्या ताटात ताजी भाजी आली आणि शेतकऱ्याला पेरणीच्या वेळीच गिऱ्हाईक ठाऊक झालं.

कायदा नसला तरी याची छोटी आवृत्ती करता येते. एक स्वयंपाकघर धरा. त्यांना आठवड्याला काय आणि किती लागतं याची यादी महिनाभर लिहून घ्या. तोंडी अंदाजावर जाऊ नका, तो नेहमी चुकतो. ती यादी घेऊन पेरणीच्या आधी शेतकऱ्यांसोबत बसा. भोपळा कोण लावणार, पालक कोण, आणि पालक टप्प्याटप्प्याने कसा, म्हणजे एकाच आठवड्यात सगळा कापायला येणार नाही. पाऊस लांबला तर बदली भाजी कोणती, तेही तिथेच ठरवा. स्वयंपाकघराला पाच शेतकऱ्यांची पाच बिलं नको असतात, म्हणून गटाचं एकच बिल आणि एकच गाडी.

आणि मग येतो तो खडक: बिल कधी मिळणार. संस्थांची बिलं दोन-दोन महिने अडकतात. लहान शेतकरी तेवढं थांबू शकत नाही, तो तिसऱ्या आठवड्यात व्यापाऱ्याकडे वळतो आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. फरकाच्या खात्यातला एक हिस्सा फिरता ठेवा: शेतकऱ्याला आठवड्याच्या आत पैसे या हिश्श्यातून, आणि संस्थेचं बिल आलं की ते पुन्हा याच हिश्श्यात. या एका सोयीमुळे जेवढे गट टिकलेले मी पाहिलेत, तेवढे कोणत्याही प्रशिक्षण शिबिराने नाही.

ओळखीची माणसं

बाजाराने वस्ती एकत्र येते असं सगळे लिहितात. येतेही, पण त्यासाठी ढोल-ताशा लागत नाही. ठेल्यांच्या जागा दर आठवड्याला त्याच ठेवा, सावलीत दोन बाकं आणि पिण्याचं पाणी ठेवा, टेबलावर शक्यतो तेच माणूस बसू द्या. पुढचं आपसूक होतं. नेहमी येणारे आजोबा सलग दोन बाजार दिसले नाहीत की भेंडीवाली विचारते, कोणीतरी त्यांच्या शेजारचं निघतं आणि पिशवी त्यांच्या घरी जाते. अशा घरपोच पिशवीची नोंद वहीत वेगळी करा, म्हणजे जिन्याखाली उतरू न शकणाऱ्यांची संख्या कळते. वस्तीत ती तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त असते.

पैसे आटले तर

देणगीदार विचारतो, किती लोकांची भूक मिटवली. त्याला तसा आकडा देऊ नका, तो खरा असूच शकत नाही. वहीत जे आहे तेच द्या: जोड मिळालेली किती घरं त्या महिन्यात परत आली, शेतकऱ्यांच्या हाती एकूण किती गेले, स्वयंपाकघरांना किती किलो, आणि तिसऱ्या क्रेटात किती. परत येणाऱ्या घरांचा आकडा मला सगळ्यात जास्त सांगतो. नवी घरं वाढत असतील आणि जुनी परतत नसतील, तर वार, वेळ किंवा कोणाची तरी बोलण्याची पद्धत चुकते आहे.

खात्यात खडखडाट होतोय असं दिसलं, तर बाजार अचानक बंद करू नका आणि शेतकऱ्याकडे सवलत मागायलाही जाऊ नका. आधी प्रत्येक घराची जोड कमी करा, घरं कमी करू नका. दुपटीऐवजी दीडपट. निदान दोन बाजार आधी ते पाटीवर लिहा आणि टेबलावर येणाऱ्या प्रत्येकाला तोंडी सांगा, कारण पाटी सगळ्यांना वाचता येत नाही. फिरत्या हिश्श्याला आणि बाहेर असलेल्या टोकनांच्या रकमेला मात्र हात लावू नका. जोड पुन्हा वाढवता येते. टोकनाचे पैसे एकदा बुडाले की त्या ठेल्यावर पुढच्या वर्षी कोणी टोकन घेत नाही.